तीनशे सतराचा ठिपका

कार्तिकातल्या निळ्याशार आभाळावर माझा काडीइतकाही विश्वास नाही.

सकाळी आमच्या कॉलेजची बस लवळ्याचा चढ चढू लागते, उघड्या खिडकीतून कापलेल्या भाताचा वास आत येतो आणि शेजारी बसणाऱ्या इंग्रजीच्या बाई डोळे मिटून म्हणतात, काय सुंदर हवा पडलीय! मी मान डोलावते आणि हळूच पश्चिमेकडे बघून घेते. डोंगराच्या खांद्यावर बोटभर ढग असतोच. नसला तर मला जास्त काळजी वाटते, म्हणजे हा कुठेतरी दडून बसलाय. बाईंना कापलेल्या भाताचा वास येतो आणि मला मात्र कापायची राहिलेली भातं दिसतात. मग दिवसभर, मुलांना प्रकाशाचं अपवर्तन शिकवताना, माझं एक लक्ष खिडकीबाहेर असतं.

तसं पाहिलं तर माझा आणि आभाळाच्या स्वच्छपणाचा संबंध नाही. खगोलशास्त्र म्हटलं की लोकांना गच्चीवर दुर्बीण लावून बसलेला माणूस दिसतो. पण मी ज्या उजेडाचा अभ्यास केला तो जमिनीपर्यंत पोचतच नाही. क्ष-किरण आपल्या हवेत वरच अडकतात, म्हणून त्यांची दुर्बीण पृथ्वीबाहेर फिरती ठेवावी लागते, आणि तिने जे टिपलं ते आम्ही इथे संगणकावर उतरवून घेतो. बाहेर धो धो पाऊस असला तरी आमचं काम बिनबोभाट चालतं. तरीही एका कार्तिकात मी दर दहा मिनिटांनी दारात येऊन वर बघत होते. दोन हजार चारचा तो कार्तिक.

आमच्या स्टाफरूमच्या खिडकीतून नदीपलीकडचं दिसतं. हिंजवडीच्या काचेच्या इमारती, त्यांच्या अलीकडे माण गावाचे नवे मजले आणि मजल्यांवर काळ्या टाक्या. सहा वर्षांपूर्वी त्यातल्या कितीतरी टाक्यांच्या जागी खाचरं होती. त्यातलं एक सुलाबाईंचं. मी त्यांना मावशी म्हणायची, आणि त्यांच्या घरातल्या भाताच्या कोठीत भाड्याने राहायची.

मी बार्शीची. आमच्याकडे भात म्हणजे पानातला, तोही शेवटी, ताकाबरोबर. शेतात उभं भात मी तोवर पाहिलंच नव्हतं. पुण्याच्या संस्थेतली माझी शिष्यवृत्ती संपली होती, प्रबंध मात्र संपायचं नाव घेत नव्हता. हिंजवडीजवळच्या एका कॉलेजात अर्धवेळ शिकवायचं, आठवड्यातून दोनदा बसने पुण्याला सरांकडे जायचं आणि उरलेल्या वेळात कोठीत बसून दुर्बिणीच्या चित्रांतले ठिपके तपासायचे, असा माझा दिनक्रम होता. कोठी भाड्याने देताना मावशींनी एकच अट घातली होती. माळ्यावरची सुपं, टोपल्या, पाट्या तिथेच राहतील, आणि लागेल तेव्हा आम्ही येऊन नेऊ. मी हो म्हटलं खरं, पण पहिल्याच आठवड्यात माझ्या मनात पाल चुकचुकली. मी गेल्यावर या बाई माझ्या खोलीत काय बघत असतील? म्हणून मी कुलूप लावताना पुस्तकं एका विशिष्ट तऱ्हेने ठेवायची, आणि परत आल्यावर ती तशीच आहेत का ते बघायची. ती नेहमी तशीच असायची. त्याने मला आणखीच संशय यायचा.

संशय हा आमच्या धंद्याचा भाग, असं मी स्वतःला सांगायची. माझं काम होतं एकमेकींच्या अंगावर आलेल्या दोन दीर्घिकांवर. असंख्य तारे असलेलं एक अख्खं विश्व दुसऱ्या विश्वात घुसतं आणि गंमत म्हणजे तारे एकमेकांना लागत नाहीत, इतकं त्यांच्यात अंतर. आदळतात ते मधले वायूचे ढग. ते दाबले जातात आणि त्या दाबात नव्या ताऱ्यांचं पेव फुटतं. त्यातले सगळ्यात दांडगे तारे सगळ्यात आधी मरतात आणि मागे कृष्णविवर ठेवून जातात. त्याच्या शेजारी एखादा तारा असला की ते त्याला ओरबाडून खात बसतं, आणि खाताना जो उजेड पडतो तो क्ष-किरणांचा. म्हणजे जिथे जन्म जोरात तिथे हे खादाड ठिपकेही जास्त. सरांना या सगळ्यात सृष्टीचा उत्सव दिसायचा. मला गर्दी दिसायची, आणि गर्दीत कोण कुठून घुसलंय ते शोधायची खोड मला लहानपणापासून आहे.

सगळ्यात तेजस्वी ठिपका जन्माच्या त्या गर्दीत नव्हता. धडकेतून बाहेर फेकल्या गेलेल्या वायूच्या लांब शेपटीच्या काठावर तो एकटाच बसला होता, आणि नको इतका तेजस्वी होता. सर हरखून गेले. म्हणाले, तुझा प्रबंध या एका ठिपक्यावर उभा राहील. मला तो पहिल्यापासून लबाड वाटला. हा इथला नाहीच, फार फार मागे असलेलं काहीतरी भलतंच आमच्या नजरेच्या रेषेत आलंय, असं मला वाटायचं. शेजारणीने वाळत घातलेल्या साडीवर लांबच्या टेकडीवरचा दिवा टाचल्यासारखा दिसतो, तसं. सर हसून म्हणायचे की तुला शंकेचा रोग आहे. मी मनात म्हणायची, आणि तुम्हाला विश्वासाचा.

त्या ठिपक्याशी रोज नजरानजर व्हावी म्हणून मी त्या जोडीचं मोठं चित्र छापून आणलं आणि कोठीच्या भिंतीला चिकटवलं. राखाडी रंगात दोन वेड्यावाकड्या दीर्घिका एकमेकींना टेकलेल्या. त्यांच्यावर क्ष-किरणांच्या वाकड्यातिकड्या सीमारेषा, आडव्याउभ्या रेघांची चौकट, प्रत्येक ठिपक्याभोवती लाल गोल, आणि गोलाशेजारी आकडा. तिथून प्रकाशाचे किती कण आले त्याचा तो आकडा. क्ष-किरणांचं सगळंच काटकसरीचं असतं, एकेक कण मोजून घ्यावा लागतो. माझ्या लबाड ठिपक्याचे कण होते तीनशे सतरा.

हे सगळं चाललेलं असताना बाहेर भातं पिवळी पडत होती. माणमध्ये तेव्हा अजून सावड होती. आज सगळ्या बायका मिळून एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या, असं करत गावाचं भात निघायचं. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, आज मी तुझ्याकडे आले तर उद्या तू माझ्याकडे यायचं. मावशींचं खाचर नदीच्या अंगाला, पाणथळ. तिथलं भात सगळ्यांच्या मागून पिकायचं, म्हणून त्यांची पाळी शेवटची. त्यांचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा संतोष कंपनीची गाडी चालवायचा. मावशी आठवडाभर सगळ्यांच्या खाचरात राबून आल्या. संध्याकाळी त्यांच्या लुगड्याला पेंढ्याचा गोडसर वास यायचा. मला तो वास आवडतो हे कळल्यावर त्यांनी माझ्या खिडकीत चार लोंब्या बांधून दिल्या होत्या. चिमण्या येऊन त्या खायच्या आणि मी काम सोडून बघत बसायची.

एका दुपारी मावशींची जाऊ पारूबाई सूप न्यायला माळ्यापाशी आली. सूप काढून वळली ती भिंतीपाशी थांबली. बराच वेळ थांबली. मी उत्साहाने सांगू लागले की हे आकाशातलं आहे. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिचं बोट हवेतल्या हवेत शेपटीवरून फिरलं, चौकटीवरून फिरलं, लाल गोलांवरून फिरलं. मग सूप काखेत मारून ती निघून गेली. मला आपलं वाटलं, हिला चित्र आवडलं.

दुसऱ्या दिवशीपासून गाव माझ्याशी बोलेनासं झालं. म्हणजे भांडण नाही, शिवी नाही. मी दुकानात शिरले की आतलं बोलणं थांबायचं. रोज बसथांब्यावर माझ्या साडीची चौकशी करणारी म्हातारी नदीकडे तोंड करून उभी राहायला लागली. संतोष आडून आडून विचारायला लागला की मॅडम, तुमची कंपनी नेमकी कोणती, आणि तुमच्या सायबांचं हापिस कुठं. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं त्याचं चाललं होतं. मी म्हटलं, कंपनी नाही रे, शिकतेय अजून. माझ्या कानाजवळचे पांढरे केस बघून तो गप्प बसला.

मला उलगडा व्हायला चार-पाच दिवस लागले. कंपन्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा त्या गावाने एकदा मोजणी पाहिली होती. आधी दोन सभ्य माणसं येतात, चहा पितात, पोराबाळांची चौकशी करतात. मग नकाशा निघतो, नकाशावर चौकट असते, चौकटीत गोल असतात आणि गोलाशेजारी आकडे. मग एके दिवशी खुंट्या ठोकल्या जातात. दुधाने तोंड पोळलेली माणसं ती, ताक फुंकून पिणारच. माझ्या भिंतीवर पारूबाईला एकमेकींना टेकलेल्या दोन दीर्घिका दिसल्याच नव्हत्या. तिला दिसलं होतं माण आणि हिंजवडी, मधून गेलेली नदी, आणि जाणाऱ्या जमिनींवरच्या खुणा. आजही मला वाटतं, ते चित्र मी तिच्या जागी उभी राहून पाहिलं असतं तर मलाही तेच दिसलं असतं. शेपटी तर हुबेहूब नदीसारखी वळलेली होती.

मावशींची पाळी आली त्या सकाळी त्यांनी मोठ्या पातेल्यात चहा टाकला. उन्हं अंगणात आली, चहावर साय धरली, तरी एकही बाई फिरकली नाही. आभाळ निळंशार होतं. मावशी बाहेर येऊन एकदा रस्त्याकडे बघायच्या आणि एकदा पश्चिमेकडे. उभं भात फार दिवस राहिलं तर दाणे झडतात आणि कापून पसरलेल्यावर पाऊस आला तर कुजतात, एवढं मला तोवर समजलं होतं. त्या खाचरावर मायलेकांचा वर्षाचा तांदूळ होता. विकत घेतलेला तांदूळ खायचा म्हणजे मावशींना नामुष्की वाटायची.

दुपारी पारूबाई चार जणींना घेऊन आली आणि ओट्यावर बसली. माझ्याच्याने राहवेना. मी भिंतीवरचं चित्र उपटलं, आणि त्यांच्यासमोर पसरून सगळं सांगायला लागले. दीर्घिका, धडक, नवे तारे, सगळं. वर्गात कधी सांगितलं नसेल इतकं सोपं करून सांगितलं. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकीने विचारलं, एवढ्या लांबचं बघायला पगार कोण देतंय? मी खरं ते सांगितलं, की आता कुणीच देत नाही, शिष्यवृत्ती संपली. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. बिनपगारी एवढा खटाटोप कोण करतं? माझं खरं बोलणंच माझ्या अंगाशी आलं.

मग पारूबाईने चित्रावर बोट ठेवलं, नेमकं माझ्या लबाड ठिपक्यावर. म्हणाली, हा आकडा कशाचा? मी म्हटलं, प्रकाशाच्या कणांचा. तिने मावशींकडे बघितलं. अंगणात संतोष गाडी धूत होता, त्याने नळ बंद केला.

"आमच्या खाचराचा गट नंबर हाय त्यो," तो म्हणाला. "तीनशे सतरा."

आता यावर काय बोलायचं? माझ्या डोक्यात लगेच गणित सुरू झालं. चित्रावर चाळीसेक आकडे, गावात कितीतरी गट, एखादा जुळला तर नवल नाही, न जुळला तर नवल. असले योगायोग किती घडू शकतात हे काढणं हेच तर आमचं काम. मागची एखादी भलतीच वस्तू पुढच्या दीर्घिकेवर बसलेली दिसण्याची शक्यता किती, याची पानंच्या पानं मी भरली होती. मी ते सांगायला लागले आणि माझाच आवाज मला ऐकू आला. चोरीचा मुद्देमाल अंगणात सापडल्यावर माणूस जसा बोलतो, तसा तो आवाज होता. माझ्यावर माझाच विश्वास बसेना. पुरावा म्हणून बघायला गेलं तर माझ्या विरुद्धचा पुरावा माझ्या ठिपक्याच्या बाजूच्या पुराव्यापेक्षा कितीतरी भक्कम होता.

पारूबाई उठली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "सुला, आधी हिला घालव. मग आमी सगळ्या येतो सावडीला. आजच्या आज येतो."

मावशी सुपातले खडे निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माझ्या घरातलं माणूस मी घालवीत न्हाई. भात माझं हाय. मी काढीन."

मला रडू आलं. परक्या गावात, परक्या बाईने माझी बाजू घेतली होती. आणि ती घेताना तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, हे मला त्या वेळी जाणवलंच नाही. एरवी एवढ्या तेवढ्या गोष्टीत खोट काढणारी मी, त्या दिवशी आंधळी झाले.

मग आम्ही तिघांनी भात कापलं. संतोष रात्रपाळी करून यायचा आणि तांबारलेल्या डोळ्यांनी खाचरात उतरायचा. मी कॉलेज सुटलं की साडी खोचून यायची. मावशींनी विळा धरायला शिकवलं, मूठ किती घ्यायची, बुडखा किती ठेवायचा ते दाखवलं. पहिल्याच दिवशी डाव्या करंगळीशेजारचं बोट कापलं. मावशींनी बांधावरचा दगडीपाला चुरगळून लावला, चिंधी बांधली, आणि आता घरी जा म्हणाल्या. मी गेले नाही. खाचरातला चिखल वरून वाळलेला आणि आतून थंड असायचा. भाताच्या पात्यांनी हात खाजायचे, पाठ मोडायची, आणि शेजारच्या रिकाम्या खाचरांतून बगळे आमच्याकडे बघत चालायचे. इतक्या बायकांचं काम तीन माणसांनी करायचं, त्यातली एक बार्शीची. मी मधेच कंबर सरळ करून वर बघायची आणि आभाळ कसं शहाजोगासारखं निळं असायचं.

तिसऱ्या दुपारी ते फितूर झालं. बोटभर ढग घटकाभरात डोंगर गिळून आला. अर्धं भात कापून पसरलेलं, अर्धं उभं. आम्ही धावत पेंढ्या गोळा करत होतो आणि वरून टपोरे थेंब पडत होते. तेवढ्यात बांधावरून कुणीतरी मोठी ताडपत्री ओढत आणली. पारूबाई होती. तिने आणि संतोषने ती गंजीवर घातली, चारी बाजूंना दगड ठेवले. मी आभार मानायला पुढे झाले तर ती म्हणाली, भात काय तुझं न्हाई, आणि पदर डोक्यावर घेऊन तशीच पावसात निघून गेली. गंजीतलं वाचलं. उभं होतं ते आडवं झालं आणि पाण्यात पडलेल्या लोंब्यांना आठवड्यात हिरवे कोंब फुटले. मावशी त्या लोंब्या हातात घेऊन बघत होत्या. मला तिथे उभं राहवेना.

जे हाती लागलं ते झोडलं, उपणलं, कांडून आणलं. नव्या तांदळाचा पहिला भात मावशींनी चुलीवर शिजवला. मऊ, गिजगिजा, आणि वास असा की भाजी नकोच. पहिली वाढ त्यांनी माझ्या ताटात घातली. मी मनाशी ठरवून टाकलं की सगळ्या गावात या एका बाईने माझ्यावर विश्वास ठेवला. पुढची सहा वर्षं मी ती गोष्ट जपून ठेवली. कुणी मला माणूसघाणी म्हटलं, संशयी म्हटलं, की मी मनात तो भात काढायची. माझ्यावर कुणीतरी पुराव्याविना विश्वास ठेवलाय, म्हणजे जगात तशी सोय आहे.

हिवाळ्यात ठिपक्याचा निकाल लागला. दुर्बिणीने त्या जोडीकडे दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा तो निम्म्याने मंदावला होता. म्हणजे तो पुष्कळ दिव्यांचा घोळका नव्हता, एकटाच काहीतरी होता. आणि दुसऱ्या एका मोठ्या दुर्बिणीतून नेमक्या त्या जागेचा फिकट निळा उजेड तपासला गेला, त्याचं अंतर बरोबर त्या धडकेइतकंच निघालं. ठिपका तिथलाच होता. त्या शेपटीत जन्मलेला, त्या धडकेचं लेकरू. सरांनी पेढे आणले आणि मला चिडवून घेतलं. मी घरी येऊन मावशींना सांगितलं की मी ज्याच्यावर इतके दिवस आळ घेत होते तो निर्दोष निघाला. मावशी म्हणाल्या, बरं झालं, आणि दिव्याची वात सारखी करत बसल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी एका परिषदेसाठी बंगळूरला गेले. परत आले तर नदीकाठच्या खाचरांत लाल रंगाच्या खुंट्या होत्या. एकाच नाही, ओळीने सगळ्यांच्या. मावशींच्या खाचरात, जिथे माझं बोट कापलं होतं त्या कोपऱ्यात एक. मोजणीवाले मी नसतानाच येऊन गेले होते. बघा म्हणजे, योगायोग तरी किती करावेत! पारूबाई बसथांब्यावर दिसली. तिच्या चेहऱ्यावर मी सांगितलं नव्हतं का, असंही काही नव्हतं. मी घरी येऊन मावशींना म्हटलं, मावशी, माझा याच्याशी काही संबंध नाही. त्या म्हणाल्या, चहा निवतोय. मी समजले, हिला माझ्या खुलाशाची गरजच नाही.

उन्हाळ्यात प्रबंध संपवून मी माण सोडलं. पुढे लवळ्याला नोकरी लागली. मधल्या वर्षांत दोन-तीनदा जाऊन आले, पण कुणी ना कुणी असायचं आणि जुना विषय निघायचा नाही. या दिवाळीनंतर मात्र निवांत गेले. खाचर गेलं, आणि आता मावशींच्या घराचे तीन मजले आहेत. वरच्या खोल्यांमध्ये कंपन्यांतली मुलं राहतात, लातूरची, अकोल्याची, एक बिहारची. त्यांचे बूट जिन्यात ओळीने मांडलेले असतात. कोठीच्या जागी मावशींचं स्वयंपाकघर आहे. सावड केव्हाच मोडली. कापायला काही राहिलंच नाही तर कोण कुणाकडे जाणार? संतोषने स्वतःची गाडी घेतली. पारूबाई मागच्या गल्लीत राहते आणि संध्याकाळी मालिका बघायला मावशींकडे येते.

मावशींनी भात टाकला. तांदूळ दुकानातला. पिशवीत हात घालून मूठभर माझ्या नाकाशी धरला, म्हणाल्या, नवा म्हणून जुना गळ्यात मारतोय मेला, बघ वास येतोय का. वास येत नव्हता. मग मी सहज सांगितलं की परवाच वर्गात मुलांना तो तीनशे सतराचा ठिपका दाखवला, आणि त्याच्यावर संशय घेतल्याची गोष्टही सांगितली. मावशींनी आच कमी केली आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"पोरी, आता लई दिस झालं. आता खरं सांग. ती मोजणी तूच केली व्हतीस ना?"

मी हसले. मग बघितलं तर त्या हसत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर रागही नव्हता. एखाद्या जुन्या दुखण्याबद्दल वैद्याला विचारावं तसं त्या विचारत होत्या.

"मावशी, म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता?"

"कसा ठेवनार? आकडा आमचाच व्हता. खुटी बी आमच्याच कोपऱ्यात ठोकली."

"मग मला घालवलं का नाही? सगळ्या गावाशी वाकडं घेतलंत. अर्धं भात पाण्यात गेलं."

त्यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "घालवून कुटं धाडणार तुला? मोजणारीला काय भूक लागत न्हाई? तुला वरून सांगत्यात, तू मोजतीस. त्यात तुझा काय दोष? आन बोट कापलं तरी इळा सोडला न्हाईस तू."

मला राग आला. खरंच सांगते, फार राग आला. सहा वर्षं मी जे उशाशी घेऊन झोपत होते ते माझं नव्हतंच. तिने माझ्यावर विश्वास ठेवून मला ठेवलं नव्हतं. मी तिची जमीन न्यायला आलेली आहे असं समजून, रोज तसं समजून, तिने मला पहिला भात वाढला होता. कुठलं मोठं, हे मला त्या घटकेला ठरवता येईना, आणि आजही येत नाही. मी बोलायला तोंड उघडलं. परत एकदा धडक, शेपटी, कण, योगायोगाची शक्यता. माझ्याकडे आता पुरावे आहेत, छापून आलेला निबंध आहे, मोठमोठ्या लोकांनी मान्य केलेलं अंतर आहे. त्या ठिपक्यावरचा संशय फिटला. माझ्यावरचा कशाने फिटणार होता? भाताला कढ आला आणि झाकण खडखडायला लागलं, तशा त्या उठल्या.

ताट वाढून झाल्यावर त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. पारूबाई अजून आली नव्हती. मग खाली वाकून, आवाज बारीक करून म्हणाल्या,

"आता लवळ्याला असतीस नव्हं? माझ्या भनीचं शेत हाय तितं, वढ्याच्या कडंला. तितली मोजणी कवा हाय?"

मी भात कालवत होते. बराच वेळ कालवत राहिले.

"मला कळलं ना मावशी, की सगळ्यांच्या आधी तुम्हाला येऊन सांगेन."

आणि त्यावर मात्र तिने लगेच विश्वास ठेवला.